सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोरगा जेवत नाही



बीपी, शुगर, डेंग्यू यांवर मी इथे नेहमी लिहितो. आज एका मराठी कादंबरीबद्दल लिहितो आहे. तोही आरोग्याचाच विषय आहे, हे वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही छोटी कादंबरी २००६ साली मौजेने प्रकाशित केली. गोष्ट साध्या मध्यमवर्गीय मराठी घरातली. घरात एक पेइंग गेस्ट राहायला येतो. कॉलेजात जाणारा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि तनयची बहीण अनुजाही. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा.

डॉक्टर म्हणून मला त्यात एक गोष्ट फार लागली. अनुजाचं दुःख घराला दिसतं. सगळे रागावतात, काळजी करतात, पण निदान तिला काय झालं हे त्यांना ठाऊक असतं. तनयचंही तेच माणूस गेलेलं असतं, पण त्याला रडायलाही घरात जागा नाही.

असं दुःख दवाखान्यात कसं येतं?

पोटदुखी, छातीत धडधड, झोप न येणं, वजन उतरणं अशी तक्रार घेऊन ते येतं. आधी शरीराचा आजार नाही ना, हे बघावंच लागतं. रक्त, थायरॉइड, ईसीजी, गरज पडली तर सोनोग्राफी. सगळं नॉर्मल आलं, की मी आईवडिलांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातला एक कॉलेजकुमार असाच आला होता. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बराच वेळ खाली बघत बसला आणि मग म्हणाला, “सर, मले पोरी नाही आवडत. याच्यावर गोळी आहे का?”

मी म्हटलं, “आजार असता तर गोळी दिली असती.”

त्याचा पुढचा प्रश्न होता, “म्हणजे माझ्यासारखे अजून असतात?”

मी त्याला ही कादंबरी दिली. महिन्याभराने पुस्तक परत करताना तो म्हणाला, “तनयनं कोणाले तरी सांगाले पाहिजे होतं, सर.” त्याने स्वतः मोठ्या बहिणीला सांगितलं होतं. पोटदुखी एका दिवसात गेली नाही, पण जेवण सुरू झालं.

हा आजार नाही, असं कोण म्हणतं?

जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन सज्ञान व्यक्तींमधलं संमतीचं नातं हा गुन्हा नाही. ‘बदलून देतो’ म्हणून उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा औषध, शॉक, बाबा-बुवा यांवर पैसे घालवू नका.

आईवडिलांनी काय करावं?

– “लग्न करून दिलं की ठीक होईल” हा सल्ला ऐकू नका. त्यात तुमच्या मुलासोबत दुसऱ्याच्या मुलीचंही आयुष्य पणाला लागतं.
– मोबाईल काढून घेणं, कॉलेज बंद करणं, मारणं याने आवड बदलत नाही, फक्त बोलणं बंद होतं.
– त्याने तुम्हाला सांगितलं, म्हणजे नातेवाइकांना सांगायची परवानगी दिली असं नाही.
– “जगून काय उपयोग” असं पोर बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे.

बोलायला माणूस हवा असेल, तर नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था काम करते. पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरीही लिहिली आहे. व. पु. काळ्यांची ‘पार्टनर’ वेगळी, विकत घेताना लेखकाचं नाव बघा.

कादंबरी औषधाची जागा घेत नाही. खरं नैराश्य असेल तर उपचार लागतातच. पण “आपल्यासारखं कोणीच नाही” या एकटेपणावर माझ्याकडे गोळी नाही. तिथे आपल्या भाषेतली गोष्ट उपयोगी पडते, आणि ती पोराआधी आईबापांनी वाचली तर जास्तच.

कधी तुमच्या पोराने धीर करून सांगितलं आणि काय बोलावं सुचलं नाही, तर एवढंच म्हणा, “बरं केलं सांगितलंस. चल, जेवून घे.” बाकीचं सावकाश बोलता येईल.

तब्येत सांभाळा.