रुळांतलं अंतर : चौथीच्या वर्गातला एक खेळ

चौथीला लांबीचं मापन शिकवताना वही, बाक आणि फळा यांच्या पुढे आपण फारसे जात नाही. यंदा मी रेल्वेचे रूळ घेतले. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. आपल्या ब्रॉडगेजचं १६७६ मिलिमीटर, मीटरगेजचं नावाप्रमाणेच १०००, आणि माथेरानच्या गाडीचं फक्त ६१०. मुलांनी व्हरांड्यात खडूने तिन्ही रूळ आखले. ब्रॉडगेजमध्ये एक जण आडवा झोपला तरी जागा उरली. माथेरानच्या रुळांत मांडी घालून बसतानाच गुडघे बाहेर!

मग चार गट केले. प्रत्येक गटाने आपला काल्पनिक देश काढायचा, दुसऱ्याला न विचारता गेज ठरवायचं आणि कारण सांगायचं. डोंगराळ देशाने अरुंद रूळ घेतले, कारण वळणं लहान आणि खर्च कमी. सपाट देशाने रुंद घेतले, माल जास्त नेता यावा म्हणून. एका गटाने मुद्दाम वेगळंच माप घेतलं, "शत्रूची गाडी आत यायला नको!"

आता चारही नकाशे जोडले आणि पहिल्या देशातली संत्री चौथ्या देशाच्या बंदरावर न्यायला सांगितली. तीन सीमा, तीन वेळा उतरवा-चढवा. "बाई, संत्री सडतील की!"

मग खरं भांडण सुरू झालं. बदलायचं कोणी? सगळ्यांनी छोट्या देशाकडे बोट दाखवलं. त्या गटातली एक मुलगी म्हणाली, "आम्ही लहान म्हणून आम्हीच का?" यावर वर्ग गप्प झाला. मीही उत्तर दिलं नाही. शेवटी एकाने तिसरा रूळ टाकायचं सुचवलं.

बांगलादेशात असे तीन रुळांचे मार्ग खरोखर आहेत, मीटरगेज आणि ब्रॉडगेज दोन्हींसाठी. पोलंड-बेलारूस सीमेवर, १४३५ आणि १५२० मिमीच्या फरकामुळे, ब्रेस्टला डबे उचलून खालच्या चाकांचे सांगाडे बदलतात. भारताने १९९२ पासून बहुतेक मार्ग ब्रॉडगेज करायला घेतले. हे ऐकून मुलं म्हणाली, "म्हणजे मोठ्यांचंही असंच होतं!"

या एका खेळात मिमी-सेमी-मीटरचं रूपांतर, वजाबाकी आणि नकाशा आला. पालकांनो, घरी टेप असेल तर १६७६ मिमी जमिनीवर आखून बघा. आणि 'बदलायचं कोणी?' हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. पटकन उत्तर सांगू नका.