एका उपरण्याची साक्ष

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसाला दोन मने असतात. एक म्हणते, हे खरे असू दे. दुसरे म्हणते, आधी पुरावा दाखव! माझे दुसरे मन जरा जास्तच बळकट आहे, आणि त्याला कारण माझी नोकरी. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी तीस वर्षे तयार माल तपासला. दिसायला बरा आहे म्हणून कुठलाही सुटा भाग माझ्या हातून कधी पुढे गेला नाही. निवृत्त झालो, निघोज्यात लहानसे घर बांधले आणि 'प्रभात'च्या काळातली गाण्यांची पुस्तके, छायाचित्रे, तिकिटांचे तुकडे जमवण्यात वेळ घालवू लागलो. सौभाग्यवती याला 'रद्दीचा संसार' म्हणतात. असो.

निघोजे इंद्रायणीकाठचे. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. तेव्हा इकडच्या जुन्या माणसांपाशी सिनेमातल्या नटाची गोष्ट काढा, पहिले नाव निघते ते विष्णुपंत पागनीसांचे. हे गृहस्थ मूळचे नाटकातले, स्त्रीभूमिका करणारे गायक नट. १९३६ साली दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मध्ये ते तुकोबा झाले. चित्रपट मुंबईत एकाच थिएटरात सत्तावन्न आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण पागनीसांचे झाले ते निराळेच. लोक त्यांच्या पाया पडू लागले. १९४३ साली ते वारले, तरी अजून कित्येकांच्या देवघरातल्या तुकोबांच्या तसबिरीत चेहरा दिसतो तो त्यांचा!

अशा नटाची वस्तू तपासायची म्हणजे पंचाईत असते. एक तर कंपनीचे कपडे कंपनीच्या पेटाऱ्यात. आज ह्याच्या अंगावर, उद्या त्याच्या. दुसरे म्हणजे, देणाऱ्याने ती नटाची म्हणून जपलेली असते की संताची म्हणून, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या आळीतला एक तरुण असेच एक उपरणे घेऊन आला. यांची शेते कारखान्यांच्या जागेत गेली, आलेल्या पैशांत खोल्या झाल्या, लग्ने झाली आणि उरल्यासुरल्यात डंपर आला. डंपर घेणे सोपे, हप्ते फेडणे कठीण. मुंबईचा कुणी शौकीन या उपरण्याचे बरे पैसे द्यायला तयार होता. पण त्याला जाणकाराचा दाखला हवा होता.

"काका, एकच ओळ लिहा. 'पागनीसांचे आहे', एवढंच. सात हप्ते सुटतील माझे."

घरात हकीकत चालत आलेली होती. आजीचे सासरे वारकरी. चित्रपट लागल्यानंतरच्या एका बीजेला देहूत त्यांना पागनीस दिसले. हे पाया पडले, तेव्हा पागनीसांनी खांद्यावरचे उपरणे काढून यांच्या गळ्यात घातले.

मी उपरणे टेबलावर पसरले आणि भिंग घेतले. काठाचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळला. टेरिलीनचा धागा जळताना आकसतो आणि त्याची टणक गुठळी होते. त्याचा शोधच १९४१ सालचा, आणि आपल्या बाजारात तो आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. हा धागा कागदासारखा जळून राख झाला, म्हणजे सुती. मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा धरला. हल्लीच्या धुण्याच्या पावडरींत कपडा शुभ्र दिसावा म्हणून एक द्रव्य घालतात, ते या दिव्याखाली निळसर चमकते. हे उपरणे मुळीच चमकले नाही.

पोराचा चेहरा मात्र चमकला. त्याला समजावून सांगणे भाग होते, की या तपासण्या खोटे पकडतात. खरे सिद्ध करीत नाहीत. जुने असू शकते, एवढे कापड सांगते. कोणाच्या खांद्यावर होते, हे ते सांगत नाही.

मोठ्या मुलखांतही हाच नियम. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९च्या चित्रपटात ज्यूडी गार्लंडने घातलेल्या लाल चपलांचा एक जोड २००५ साली अमेरिकेतल्या एका संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ साली सापडला. तो ओळखायला स्मिथसोनियन संस्थेतला दुसरा जोड शेजारी ठेवून पाहावा लागला. फितीवरच्या साध्या काचमण्यांना लाल रंग फासलेला दिसला, तेव्हा खूण पटू लागली. २०२४च्या लिलावात त्या जोडाला दोन कोटी ऐंशी लाख डॉलरांची बोली लागली. ताडून पाहायला दुसरा जोड तरी होता. आमच्या उपरण्याला कशाशी ताडायचे?

मी नकार दिला तेव्हा पोरगा काही बोलला नाही. घडी घालून निघून गेला. संध्याकाळी आजीच काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत.

"भाऊ, आमचे मामंजी खोटं बोलले असं म्हणणं हाय का तुमचं?"

"तसं नाही मावशी. कागद नाही, एवढंच म्हणणं."

"त्या वक्ताला त्या फडक्याला कोण इकत घेणार हुतं? खोटं बोलून त्यांना काय मिळायचं हुतं?"

मी गप्प झालो. तीस वर्षांच्या तपासणीत असा प्रश्न मला कुठल्या यंत्राने विचारला नव्हता. ज्याला खोटे बोलून काहीच मिळायचे नाही, त्याची साक्ष वजनदार असते, हे न्यायाच्या कोर्टातही मानतात. मग मी तपासनीसाचे प्रश्न विचारू लागलो. तुम्ही हे कोणाच्या तोंडून ऐकले? खुद्द त्यांच्याच. कधी? लग्न होऊन आले त्या साली, आणि पुढे कैक वेळा. सांगण्यात कधी फरक? "कुणी इचारलं तरच सांगायचे. सांगायचे ते तसंच." उपरणे कधी वापरले? कधीच नाही, बीजेला काढायचे, पाया पडायचे, ठेवून द्यायचे.

मी कागद काढला आणि दोन भाग केले. वरच्या भागात, मी काय तपासले आणि त्यातून काय ठरते, काय ठरत नाही. खालच्या भागात आजींचे सांगणे, त्यांच्याच शब्दांत, तारखेनिशी. शाईचा पॅड पुढे केला तर त्या रागावल्या. "अंगठा कशापायी? सही येती मला." आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवीत त्यांनी सही केली.

त्या कागदाचा फोटो मुंबईला गेला. शौकिनाचे उत्तर आले नाही. डंपर अजून रात्रपाळीच्या खेपा करतो आहे, आणि हप्ते तो तसेच फेडतो आहे.

आजींनी मात्र कागदाची घडी उपरण्याच्या घडीत घातली. "आता ह्याला कागद झाला," म्हणाल्या. आणि नातवाला जवळ बोलावून त्यांनी ट्रंकेची किल्ली कुठे ठेवलेली असते ते दाखवले.