देवळामागचे कीर्तन

पुसेगावच्या त्या आजीबाईंना आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियन देण्यास जातो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात हे गाव आहे. वसईच्या वाडीत, केळीच्या सावलीत लहानाचे मोठे झालेल्या आम्हांस मराठवाड्याचे ऊन आरंभी फार लागले. आता ते अंगवळणी पडले आहे. त्या घराचा उंबरठा ओलांडताना मात्र अद्यापही पाऊल जड होते, त्याला कारण ऊन नव्हे.

आजीबाईंचा नातू आमच्या गायकवृंदात होता. आवाज खणखणीत, हातात डफ. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमासाठी त्याने स्वतः एक गीत रचले. विषय होता १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. वाचकांपैकी पुष्कळांना हा विषय ठाऊक असेल; नसल्यास थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातींची सूची जाहीर करणाऱ्या त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्यांना त्या सूचीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना आत घेण्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. या मुलाच्या घरी तर हा परिच्छेद भिंतीसारखा उभा आहे. एकाच आजोबांची नातवंडे. चुलत्याचे घर बौद्ध, त्यांच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला. याचे घर ख्रिस्ती, याच्याकडे नाही. विहिरीवर मात्र दोन्ही घरांना एकच वागणूक मिळत आलेली. गाण्यात एवढेच होते, आणि ते फार चांगले होते.

आम्ही त्यास बोलावून घेतले. “बाळा, कार्यक्रमाला तहसीलदारसाहेब येणार आहेत, गावची मोठी माणसे येणार आहेत. हे गाणे नको. गव्हाणीचे एखादे म्हण.”

तो म्हणाला, “फादर, मरियाबाईला गव्हाणीच का मिळाली, तेच तर मी सांगायलोय.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. अधिकार होता, तो आम्ही वापरला. त्याने डफ भिंतीला टेकवला आणि निघून गेला. त्या नाताळात त्याच्याविना तीन गाणी झाली, तहसीलदारसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा पुन्हा गायनास आला नाही.

आता आम्हांस आमचे गुरुविद्यालयाचे दिवस आठवतात. पुण्यास आमच्यातील काही बंधू गिटार वाजवीत आणि सायंकाळी बॉब डिलनची गाणी म्हणत. युद्धखोरांना जाब विचारणारी ती गाणी आम्ही मोठ्या आवेशाने म्हटली. कोणी हरकत घेतली नाही. हरकत कोण घेणार? समुद्रापलीकडच्या सत्ताधीशाला जाब विचारण्यास काही लागत नाही. त्याच काळात, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आम्ही ती बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी केली आणि तत्त्वज्ञानाच्या तासास गेलो. घोगरे कसे गात, हे आम्हांस कळले ते कित्येक वर्षांनी, आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटातून. तो करण्यास त्यांना सुमारे चौदा वर्षे लागली.

चिलीचा गायक व्हिक्तोर हारा तरुणपणी दोनेक वर्षे रेडेम्प्टोरिस्ट संघाच्या सेमिनरीत होता, हेही आम्हांस उशिराच समजले. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर सांतियागोच्या एका क्रीडागारात त्यास डांबले आणि ठार केले. त्या क्रीडागारास आज त्याचेच नाव आहे.

पण इतक्या दूर कशाला जावे? फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झाली. वय त्र्याऐंशी, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणून त्यांना अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, जामिनाची वाट पाहताना, ते गेले. आम्ही मिस्सा अर्पण केली, मेणबत्त्या लावल्या, उपदेशही केला. त्याच खटल्यात, त्यांच्या एक महिना आधी, पुण्याच्या कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली होती. गुजरातच्या दंगलींनंतर २००२ मध्ये उभे राहिलेले हे कलापथक जातीवर आणि भुकेवर गाणारे. त्या तिघांची नावे आमच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एकदाही आली नाहीत. यादी आम्हीच लिहिली होती. आपला तो धर्मगुरू, आणि गाणारा तो भानगडखोर, असा काहीसा हिशेब आमच्या मनात असावा.

हा मुलगा कोणत्या घराण्याचा, हे आम्ही तेव्हा पाहिले नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. वामनदादा कर्डक २००४ मध्ये निवर्तले. त्यांची गाणी मराठवाड्यातील वस्तीवस्तीत लोकांना तोंडपाठ आहेत. या गाण्यांचे परीक्षण छापण्यास मोठ्या वर्तमानपत्रांना क्वचितच सवड झाली. ती टिकली चैत्यभूमीवर नि दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिकांत, मग ध्वनिफितींत. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा तरुण राज मुंगसे याने राज्यकर्त्यांवर रॅप केले आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्याचे नाव सर्वत्र छापून आले. गुन्ह्याची कलमे छापली. चाल कशी होती, शब्द कसे बसवले होते, हे कोणी सांगावे?

ते सांगतो आमच्या या मुलाचा चुलतभाऊ, दाखला असलेला. मोबाइल घेऊन तो खेड्यांत जातो, वृद्ध शाहिरांना गाते करतो, ते यूट्यूबवर ठेवतो आणि खाली नीट लिहितो: शब्द कोणाचे, ढोलकी कोणाची, हे गाणे प्रथम कोणत्या जयंतीला झाले. आम्ही सेमिनरीत ग्रंथसूची करावयास शिकलो. याला ते कोणी शिकवले नाही.

परवा पुसेगावास जाण्यापूर्वी आम्ही औंढा नागनाथास थांबलो होतो. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात. आख्यायिका अशी की, देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे पिटाळले. ते मागे जाऊन गाऊ लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळले. तेथील नंदी अजून मागच्या बाजूस दाखवतात. आम्ही तो पाहिला आणि मुकाट्याने गाडीत बसलो.

कम्युनियन झाल्यावर आजीबाईंनी नातवास हाक मारली. “फादर आलेत, ते म्हण.” तो आमच्याकडे पाहीना. मग डफ शेकून त्याने सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यात आजीबाईंनी त्यास थांबवून एक शब्द बदलावयास लावला; त्यांचे खरे होते, नवा शब्द तालात चांगला बसला. चुलतभाऊ दारात मोबाइल धरून उभा होता.

आम्ही त्याची क्षमा मागितली. येत्या नाताळास हेच गीत म्हणण्यास येशील का, असे विचारले. त्याने डफ उलटा करून चामडे बोटाने चाचपले.

“तहसीलदार येणार असतील तर येतो,” तो म्हणाला.