अबोल विद्यार्थिनीची शिफारस

आमच्या महाड-पोलादपूरकडे विद्यार्थ्याविषयीचे शिक्षकाचे मत कागदावर उतरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. अकरावीचा प्रवेश गुणांवर होतो, अभियांत्रिकीचा प्रवेशपरीक्षेवर, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यातील वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे ‘चांगली’ एवढाच शेरा पडतो. म्हणून कशेडी घाटाकडील एका वाडीतून एस.टी.ने येणारी, वर्गात आपण होऊन कधी न बोलणारी आमची बारावीतील एक विद्यार्थिनी, परप्रांतातील एका विद्यापीठाने दोन शिक्षकांची शिफारसपत्रे मागितली आहेत असे सांगत माझ्यापुढे उभी राहिली, तेव्हा ते काम मी मोठ्या जबाबदारीचे मानले.

माझ्या एका सहकाऱ्यांनी सद्भावनेने लिहिलेले पहिले पत्र मी वाचले. स्वभावाने शांत, आज्ञाधारक, नम्र. मात्र आत्मविश्वास वाढण्यास वाव आहे, असा त्यातील मजकूर होता. मुलगी काय करीत नाही हेच त्यातून कळत होते. ती काय करते, याचा मागमूस नव्हता. बोलक्या मुलाचे गुण शिक्षकाच्या कानी आपोआप पडतात, अबोल मुलाचे मात्र जाणीवपूर्वक पाहावे लागतात, आणि जे पाहिलेलेच नाही त्याची जागा अशी गुळगुळीत विशेषणे घेतात, हे मला तेथे तीव्रतेने जाणवले.

सुदैवाने मी पाहिले होते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, आणि ते ओसरल्यावर ग्रंथालयाच्या चिखलातून निघालेली दाखल नोंदवही, जिची शाई जागोजागी पसरली होती, त्या वेळी दहावीत असलेल्या या मुलीने कोणी न सांगता हाती घेऊन, वाळत घातलेल्या एकेका पुस्तकावरील शिक्का व क्रमांक ताडून, नव्या वहीत उतरवून काढली. जेथे क्रमांक वाचता येईना तेथे अंदाजाने आकडा न भरता तिने रकाना कोरा ठेवला. ज्ञानाच्या क्षेत्रात याहून मोठी पात्रता कोणती, हे मला ठाऊक नाही.

मुलाला वर्गाबाहेर असे पाहिल्याचे एक जुने उदाहरण येथे आठवते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक, आणि भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. म्हणजे वर्गातील उत्तरांवरून पारख करण्याचा संबंधच नव्हता. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा मुलगा केळुसकरांनी पाहिला, त्याची आपुलकीने विचारपूस केली, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९२७ साली ज्यांनी आमच्या महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यांच्या शिक्षणाला अशा एका डोळस शिक्षकाच्या शिफारशीचा आधार होता, हे इकडच्या प्रत्येक अध्यापकाने ध्यानी ठेवावे असे मला मनापासून वाटते.

विद्यापीठाच्या नमुन्यात चर्चेतील सहभागाविषयी प्रश्न होता. तेथे मी ‘अल्प’ असेच लिहिले, कारण ते सत्य होते. त्याबद्दल सबब सांगितली नाही, की तिच्या मौनाला खोल चिंतनाचे वलयही चढविले नाही. खालच्या मोकळ्या जागेत मात्र नोंदवहीची हकीकत तपशीलवार लिहिली, कोऱ्या ठेवलेल्या रकान्यांसह. तेव्हापासून जून महिन्यात वर्ग सुरू झाला की हजेरीपटाबरोबर मी एक स्वतंत्र वही ठेवतो, आणि जी मुले हात वर करीत नाहीत त्यांच्या नावांनी तिची पाने आधी आखतो.