मागच्या चाकाचा नट

आमच्या आष्टीत चाक म्हटलं की आधी उसाच्या ट्रॉलीचं चाक आठवतं. दसऱ्याच्या सुमाराला तालुक्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधी अब्बांच्या दुकानापुढं ट्रॉल्यांची रांग लागायची. चाक उतरवायचं, बेअरिंग रॉकेलनं धुवायचं, नवं ग्रीस भरायचं. मग नट कसत कसत चाक फिरवायचं, ते जड झालं की नट जरासा मागं घ्यायचा आणि कॉटर पिन घालायची. हे 'जरासं' किती, ते अब्बांच्या हातालाच माहीत. उचलीच्या हिशोबात गुंतलेला मुकादम घाई करायचा, "चाचा, जुनीच पिन ठोका की!" अब्बा म्हणायचे, "मुकादम, वर लेकरं बसणारेत," आणि नवीच पिन घालायचे.

आता दुकान धाकटा भाऊ पाहतो. मी मास्तर, सुटीच्या दिवशी तिथंच असतो.

मागच्या वर्षी गावातल्या एका डॉक्टरांनी जुनी ऑक्टाव्हिया आरएस आणली. औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला आणि ही टर्बो इंजिनाची वेगवान गाडी 2004 मध्ये भारतात आली. वेग वाढला की मागून घूं घूं आवाज यायचा. गाडी उजवीकडं वळली की तो वाढे, कारण तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. पुण्याला न्या, असं चौघांनी सांगूनही डॉक्टर आमच्याकडं आले, याचं भावाला दडपण होतं.

त्यानं पुण्याहून हब आणि नवा नट मागवला. ह्या गाडीत बेअरिंग हबमध्येच बसवलेलं असतं, ग्रीस भरायचा प्रश्नच नाही. नटही एकदाच वापरायचा. चाक जमिनीवर असतानाच त्यानं नट सैल केला. जॅकवर एवढा जोर लावला तर गाडी घसरायची. पुलर लावल्यावर हब निघाला, पण बेअरिंगची आतली कडी दांड्यावरच चिकटून राहिली. ती काढण्यात दुपार गेली. नवा हब मात्र ठोकायचा नाही, ठोके बेअरिंगला लागतात. त्यानं तो नटानंच ओढून बसवला आणि टॉर्क पाना लावला.

अब्बा बाजेवरून पाहत होते. हात थरथरतात म्हणून पाना सुटलाय. पान्याचा 'टक्' आवाज झाला तसे म्हणाले, "अब जरा पीछे ले."

"अब्बा, इसको ढीला नै करते. जितना लिखा है उतनाच कसना."

अब्बा काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं. भाऊ खरंच बोलत होता, तरीही.

कड्यापर्यंत चक्कर मारून गाडी परत आली. आवाज कमी झाला होता, पण गेला नव्हता. भाऊ पुन्हा डाव्याच चाकाशी वाकला. अब्बा उठले. त्यांनी डाव्या चाकाच्या मध्याला उलटा पंजा लावला, मग उजव्या. तिथून तो पटकन उचलला.

"वो नै. ये गरम है."

भावानं जॅक उजवीकडं सरकवला, चाक उचलून हातानं फिरवलं. थोडा वेळ ऐकलं आणि पुण्याला फोन लावला, "आणखी एक हब पाहिजे. नटासकट."