सांगलीच्या उन्हातलं ग्राफिक्स कार्ड

एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच एवढी तापलेली असली, की गार खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्या उपयोगाचे राहत नाहीत. तेच कार्ड साताऱ्यात दोन-चार अंशांनी गार चालतं, कारण सातारा सांगलीपेक्षा उंचावर आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या पोरांचे गेमिंगचे संगणक मी जुळवून देतो, आणि माझं मत आता पक्कं आहे: आपल्याकडे अपग्रेडची सुरुवात असलेलं कार्ड थंड करण्यापासून व्हावी.

पोरं फोनवर एकच विचारतात, "दादा, कार्ड बदलूया का?" मी म्हणतो, आधी झाकण काढ. गळीत हंगामात ऊसपट्ट्यात पाचट पेटतं, त्याची काजळी खिडकीतून आत येते आणि हीटसिंकच्या पात्यांत बसते. मार्केट यार्डाच्या बाजूच्या घरांत हळदीची बारीक धूळ असते; पावसाळ्याच्या दमटपणात ती घट्ट चिकटते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते, तीही बदलावी. एवढ्यावरच बऱ्याच पोरांचं काम होतं.

यापुढचं काम मला सगळ्यात प्रिय आहे. कंपनी सगळ्या चिपना पुरेल असं, थोडं जास्तच व्होल्टेज देऊन कार्ड पाठवते. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. व्होल्टेज 10 टक्के उतरवलं, तर तेवढ्याच वेगाला चिप साधारण 19 टक्के कमी वीज खाते, म्हणजे उष्णताही तेवढीच घटते. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. 170 वॅटच्या आरटीएक्स 3060 वर मी 0.85 व्होल्टचा बिंदू उचलून 1800 मेगाहर्ट्झवर नेतो आणि त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट करतो. वेग थोडासाच कमी होतो, पण पंख्यांची घरघर थांबते आणि खोलीत बसवतं. मात्र हा आकडा दुसऱ्याच्या कार्डावरून उचलू नये. एक चिप 0.825 वर निवांत चालते, तर तिच्याच जातीची दुसरी 0.9 पेक्षा कमी सोसत नाही. मिरजेचे सतार बनवणारे कारागीर जवारी लावताना घोडी किंचित घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. आलेखाचं काम त्याच सबुरीने करावं लागतं. एक पायरी उतरायचं, तासभर जड खेळ चालवायचा, मग पुढची पायरी. खेळ बंद पडला की एक पायरी वर यायचं आणि तिथेच थांबायचं.

खेळ किती सुरळीत चालतो हे मोजताना फ्रेमच्या सरासरीवर जाऊ नये. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.7 मिलीसेकंद. सरासरी 90 दिसत असते, पण मध्येच एखादी फ्रेम 50 मिलीसेकंद अडकते आणि तोच झटका हाताला जाणवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 सालचा 'राजी' मी यासाठी आवर्जून लावतो. आपल्या मातीतला खेळ आहे, आणि त्यात भिंती चढताना, उड्या मारताना अडखळलेली फ्रेम लगेच कळते.

अशा अडखळण्याचं कारण बऱ्याचदा कार्ड नसतंच. 8 जीबीची एकच रॅम लावून दिलेले संगणक आपल्याकडे खूप दिसतात. रायझन 5600जीसारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या प्रोसेसरला तर जोडीने लावलेल्या दोन रॅम हव्याच. बायोसमध्ये रॅमचा खरा वेग चालू केलेला नसतो. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो 60 वरच चालत असतो. हे फुकट दुरुस्त होणारं आहे, आणि आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशांचा विचार करता मला ते आधी पाहणं कर्तव्य वाटतं.

कार्ड बदलावं लागतंच, तेव्हा एसएमपीएसमध्ये काटकसर नको. संध्याकाळी गावाकडे विजेचा दाब खालीवर होतो; तिथे चांगला एसएमपीएस, नीट अर्थिंग आणि यूपीएस हवेच. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात. पण विकणाऱ्यासमोर अर्धा तास पूर्ण भार देऊन, मेमरीचं तापमान पाहूनच घ्यावीत.

तेव्हा माझं एवढं ऐका. कार्डासाठी पैसे काढण्याआधी संगणक साफ करा, रॅम आणि मॉनिटर तपासा, व्होल्टेज उतरवा. मग एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी दोन वाजता तासभर खेळा, तापमान आणि फ्रेमचा वेळ वहीत लिहा, आणि ती वही घेऊनच दुकानात जा.