उबेचे तीन पदर

थंडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून बदलीवर निघालेल्या कारकुनास बहुधा ठाऊक नसते. पुण्यामुंबईकडे थंडी ही कौतुकाची बाब. ती पडली की लोक हुरड्याचे बेत करतात, ट्रंकेच्या तळाचा स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या वासासह बाहेर निघतो आणि पंधरवड्यात पुन्हा तळाशी जातो. तेवढ्याच तयारीनिशी आम्ही जबलपुरास आलो आणि घमापुरात बिऱ्हाड केले. पहिल्या डिसेंबरातच कळून चुकले की, येथे थंडीचे कौतुक करावयाचे नसते; तिच्याशी वागावयाचे असते.

सकाळी सातच्या सुमारास घमापूर चौकात उभे राहावे. रांझी, खमरिया आणि १९०४ साली सुरू झालेला तो गन कॅरेज कारखाना यांच्याकडे जाणाऱ्या दुचाक्यांचा लोंढा धुक्यातून वाहत असतो. माणसे दिसत नाहीत. दिसतात ती गाठोडी. कोणी कानटोपीवर मफलर व मफलरीवर शिरस्त्राण चढवलेले, कोणी शाल पाठीवर सोडलेली, कोणी एका हाताने वाहन हाकीत दुसरा हात खिशात ऊब शोधीत असलेला. आमची कचेरीही त्याच वाटेवर असल्यामुळे या गाठोड्यांत आमचेही एक गाठोडे असते.

काही पहाटे येथे पारा पाच अंशांखाली उतरतो. पाच अंश म्हणजे बर्फ नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु वाहनावर बसलेला मनुष्य आपला वारा आपणच निर्माण करीत असतो. सायपल आणि पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेली नळी वाऱ्यात टांगून, ते पाणी गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले. वारा अंगातील उष्णता किती झपाट्याने हिरावून नेतो, याचे गणित तेव्हापासून मांडले जाऊ लागले. आज रूढ असलेल्या सूत्राने हिशेब केला, तर पाच अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याने उघड्या कातडीस उणे एक अंशाचा प्रत्यय येतो. म्हणजे आम्ही घरातून निघतो तेव्हा डिसेंबर असतो आणि चौक ओलांडेपर्यंत हिमालय लागतो! अर्थात वारा कितीही झोंबला तरी शरीर हवेपेक्षा थंड होत नाही. म्हणून घमापुरात बोटे गोठून झडत नाहीत. ती बधिर होतात. पण ४० च्या वेगात वाहन एका सेकंदास ११ मीटर पुढे जाते, आणि बधिर बोट ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पोहोचले, तर मधल्या साडेपाच मीटरांत एखादी गाय सहज मावते.

खरा हिमालय आम्हांस सरकारच्या कृपेने दिसला. रजा-प्रवास-सवलतीवर आम्ही सहकुटुंब गुलमर्गास गेलो होतो. तेथे बर्फावर धावणारी स्कूटर मिळते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे दात्यांचा रबरी पट्टा आणि मध्ये गुरगुरणारे इंजिन, असे तिचे रूप. उणे वीस अंशांत ती ताशी ५० च्या वेगाने हाकली, तर वाऱ्याच्या त्याच हिशेबाने उणे पस्तीसचा अनुभव येतो. तेव्हा पोशाख हा तेथे शोभेचा विषय राहत नाही. चालकाने आम्हांस घोट्यांवर जाणारे बूट व जाड अंगरखा दिला, आणि निघण्यापूर्वी आमच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मफलरीची टोके आत खुपसली, हातमोजे बाह्यांखाली दाबले, आमच्या कुटुंबाची ओढणी सोडवून अंगरख्यात कोंबली. "साहब, कुछ लटकना नहीं चाहिए," एवढेच तो बोलला. शास्त्राचे सारे सार त्या वाक्यात आले होते.

त्या पोशाखाचे तत्त्व आम्ही घमापुरास घेऊन आलो. ऊब कपड्याच्या वजनात नसते. कपड्यात अडकलेल्या निश्चल हवेत असते. म्हणून एका जाड डगल्यापेक्षा तीन पदर बरे. अंगालगतच्या पदराने घाम शोषून बाहेर टाकावा. सुती बनियन घाम पिते आणि अंगाशी धरून ठेवते. म्हणून थंडीत तेथे पातळ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र बरे. मधल्या पदराने हवा धरावी. ते काम स्वेटर करतो. पण विणलेल्या स्वेटरातून वारा चाळणीतून पाणी जावे तसा जातो, म्हणून तिसरा पदर वारा अडविणारा हवा. तो जवळ नसेल, तर छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवावी. पुण्याहून टपालाने येणारे आमचे साप्ताहिक शिळ्या बातम्यांनीही उत्तम ऊब देते. (प्रस्तुत मासिकाचा असा उपयोग आम्ही अद्याप केलेला नाही.) शिरस्त्राणाखाली जाड कानटोपी नको, त्यामुळे शिरस्त्राण डोक्यावर नीट बसत नाही. पातळ टोपी घालून हनुवटीखालचा पट्टा घट्ट आवळावा.

हे झाले उबेचे. लटकण्याचे काय? इसाडोरा डंकन ही जगद्विख्यात नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजी नीस येथे मोटारीतून जात असता तिच्या गळ्यातील लांब रेशमी वस्त्र चाकात गुंतले आणि तिचा अंत झाला. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन असावे, असा नियम १२३ आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा त्याचा हेतू. लोक त्यास 'साडी-गार्ड' म्हणतात, आणि गाडी शोभिवंत दिसावी म्हणून कित्येकजण ते काढून टाकतात. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीची शाल अशाच एका सकाळी चाकाने ओढून घेतली. बाई वाचल्या, परंतु उजवा खांदा त्यांना पूर्वीसारखा उचलता येत नाही, आणि ती शाल त्यांच्या माहेरची होती.

या घटनेने आमच्यापुढे एक नाजूक प्रश्न उभा केला. साताऱ्याहून मातोश्रींनी आमच्यासाठी स्वतः विणलेला मफलर पाठवला होता. तो चांगला चार हात लांब होता. मुलगा परमुलुखात आहे, तेव्हा अंतराच्या मानाने लांबी ठेवली असावी. जानेवारीत त्या स्वतः आल्या. आम्ही रोज तो गळ्यात घालून घराबाहेर पडत असू, आणि कोपऱ्यावर गाडी थांबवून डिकीत ठेवत असू. चौथ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर मातोश्री म्हणाल्या, "अरे, टोचतो का रे तो? गच्चीवरून दिसतं मला."

आम्ही सर्व सांगितले : चाक, शाल, तो खांदा. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी मफलर मागून घेतला, एका टोकाची गाठ शोधली आणि उसवावयास सुरुवात केली. विणण्यास त्यांना दीड महिना लागला होता. त्यांच्या डोळ्यांस आता रात्रीचे विणकाम सोसत नाही. तीन दिवसांत त्यांनी त्याचा बंद गळपट्टा केला, ज्यास टोकच नाही. उरलेल्या लोकरीतून सुनेसाठी चामडी हातमोज्यांच्या आत घालावयाचे पातळ मोजे विणले. "लांब असलं म्हणजे जास्त ऊब, असं वाटायचं मला," एवढेच त्या म्हणाल्या.

माया ही स्वभावतः लांबरुंद असते. ती घोंगडीवर घोंगडी घालते, गाठीवर गाठ मारते; आपण घातलेल्या वस्त्राचे टोक रस्त्यावर कोठे जाईल, हे तिला घरी बसून दिसत नाही. ते तिला सांगणे म्हणजे कृतघ्नपणा, असे समजून पुष्कळ जण गप्प राहतात आणि डिकीचा आश्रय घेतात. पण सांगितले तर माया उसवून पुन्हा विणावयासही तयार असते. परमुलुखात नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांकडे घरून आलेली अशी काही लांब वस्त्रे असतील. या हिवाळ्यात ती एकदा तपासावीत, आणि काही लटकत असेल, तर घरी मोकळेपणाने पत्र घालावे.